आमरसाच्या जेवणाला टेबलावर काय घालू?

प्रश्न : ताई, मे महिन्यात आमच्याकडे दरवर्षी आमरस-पुरीचं जेवण असतं, यंदा बारा जण आहेत. मागच्या वर्षी हौसेने चकचकीत सॅटिनचा टेबलक्लॉथ आणला तर तो सारखा सरकत होता, सांडलेलं पन्हं त्यात मुरेना, सरळ माणसांच्या मांडीवर. टेबल पाच बाय तीन फुटाचं आहे. यंदा पांढरा घ्यावासा वाटतोय पण आंब्याच्या डागांची भीती वाटते. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पांढराच घ्या, अगदी बिनधास्त! सॅटिन बहुतेक पॉलिस्टरचं असतं, ते पाणी पीतच नाही, म्हणून पन्हं वाहत गेलं. मी तर म्हणेन रेडिमेडच्या नादी न लागता जाडसर मांजरपाट (साधं सुती कापड) आणा, न रंगवलेला, त्याचा तो मूळचा सायीसारखा रंग जेवणाच्या ताटांखाली इतका शांत दिसतो ना, आणि मुख्य म्हणजे त्याला कडक उन्हात वाळवता येतं, रंगीत कापड तिथे विटतं.

माप असं धरा. चारी बाजूंनी 9 इंच खाली यायला हवं, म्हणजे तयार क्लॉथ 78 बाय 54 इंच. त्याहून जास्त लोंबलं की मुलं खुर्ची ओढताना सगळं टेबल खाली आणतात. 58-60 इंच पन्हा (कापडाची रुंदी) मिळाला तर सव्वादोन मीटर पुरतं. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून धुऊन घ्याच, सुती कापड आटतं, आणि आधी शिवलं तर पहिल्या धुण्यातच आखूड होतं. कडेला दुमड जरा रुंद ठेवा म्हणजे पंख्याने उडत नाही.

आणि हो, क्लॉथला भाताच्या पेजेची हलकी खळ द्या. डाग बराचसा खळीवर बसतो आणि धुताना तिच्याबरोबर निघतो. पण नॅपकिनला खळ अजिबात नको, कडक नॅपकिन हात पुसत नाही. कागदी तर रसाच्या बोटांना चिकटून बसतात. जुन्या सुती साडीचे किंवा पंच्याचे 16 इंची चौकोन शिवा, बारा जणांना अठरा तरी, कारण रस म्हटलं की एकाला एक पुरत नाही. लहान मुलांना सोलापुरी टर्किशचे छोटे नॅपकिन द्या.

शोभेला मधून खणाची पट्टी छान दिसते पण वाढायला घेण्याआधी उचलून ठेवा, ती सारखी धुण्यातली वस्तू नाही.

आता डाग. रस सांडला की चोळू नका, चमच्याने खरवडून घ्या आणि आधी गार पाणी, मग साबण. भाजीच्या हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरू नका, हळदीचा तो स्वभावच आहे, साबण निघून गेला की परत पिवळा होतो. मग ओलाच उन्हात घाला, सुकला की परत ओला करा, परत घाला. मे महिन्यातल्या उन्हात दोन-तीन दिवसांत बहुतेक डाग उडतो. फक्त डाग जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका.