रेवदंड्याचा तट : आधी तिथी बघा, मग निघा

सत्तरीतले आई-बाबा आणि दोन लहान मुलं घेऊन अलिबागजवळच्या रेवदंडा किल्ल्याच्या तटावरून पूर्ण फेरी होईल का, असं तुम्ही विचारलंय. तटावरून नाही होणार. तट जागोजागी ढासळलाय, झाडांची मुळं दगडांत घुसलीत, आणि बराचसा भाग लोकांच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना लागून आहे. वाडीत विचारल्याशिवाय शिरू नका. ती कुणाच्या तरी घराची मागची बाजू असते.

त्याऐवजी समुद्राच्या अंगाने, तटाच्या बाहेरून, पुळणीवरून म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून चाला. पण ओहोटीलाच. उधाणाची भरती असताना आम्ही एकदा दुपारी बाराला पोचलो होतो. चालायला पुळणच उरली नव्हती, सासूबाई सुरूच्या सावलीत दोन तास बसून राहिल्या. तेव्हापासून मी आधी कालनिर्णय उघडते. हिशोब कोळीवाड्यात सगळ्यांना पाठ असतो : तिथीला पाऊणने गुणा, ती पूर्ण भरतीची वेळ. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण बरोबर तीन, म्हणजे तीनला भरती आणि साधारण नऊला ओहोटी. द्वितीयेला ओहोटी साडेसातच्या सुमारास. म्हणून सकाळी जायचं तर द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम. ऊन चढायच्या आत परत येता येतं आणि पाणीही चांगलं लांब गेलेलं असतं.

पाणी मागे गेलं की तट पायथ्यापासून दिसतो आणि हे केवढं मोठं शहर होतं ते कळतं. पोर्तुगीजांचं चौल ते हेच. 1570-71 साली निजामशाहीने याला वेढा घातला होता, तो फसला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी हेही मराठ्यांकडे आलं. मुलांना मात्र सनावळ्यांपेक्षा एक गोष्ट जास्त आवडते : गाव अजून तटाच्या आतच राहतं. अलिबाग-मुरुड रस्ताही या तटबंदीतूनच जातो.

नंतर आत शिरून सातखणी मनोरा बघा. एका फ्रान्सिस्कन चर्चचा तो उरलेला भाग. आता सातही खण, म्हणजे मजले, राहिलेले नाहीत, पण खाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते. जवळच तोफा पडलेल्या आहेत. आई-बाबांना बसायला इथे सावली मिळेल.

दक्षिणेला कुंडलिकेची खाडी आणि पलीकडे समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर दिसतो. त्या कोर्लई गावातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली आजही बोलली जाते. मुलांना हे तिथे उभं राहूनच सांगा. माझ्या मुलीने तेव्हाच हट्ट धरला होता आणि आम्ही पूल ओलांडून तिकडेही गेलो.

पायात मागे पट्टा असलेले सँडल हवेत, ओल्या दगडांवर शेवाळ असतं. पाणी घरूनच न्या. पावसाळ्यात मात्र नका जाऊ, सैल झालेले दगड तेव्हाच निसटतात.