घरीच जातोय, तरी इन्शुरन्स लागतो का?

गणपतीच्या आधी आणि डिसेंबरच्या तोंडावर परदेशातल्या वाचकांची पत्रं वाढतात, आणि यावेळी बहुतेकांचा प्रश्न एकच: सुट्टीला घरी येताना स्वस्तातला ट्रॅव्हल इन्शुरन्स कुठला घ्यायचा. मी एजंट नाही त्यामुळे कंपनीचं नाव कुणालाच सांगणार नाही, पण पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचवायला जाऊन वाया जातात ते सांगता येईल.

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी आणि नवरा एच-वन-बी व्हिसावर, मुलं दोघंही इथेच जन्मलेली म्हणून अमेरिकन पासपोर्ट, आणि सासूबाई ग्रीन कार्डवर (थोरल्या दिरांनी केलं, सहा वर्षं झाली), वय 71, बीपी आणि शुगर दोन्ही. डिसेंबरात पाच आठवडे सांगलीला जातोय. ऑनलाइन बघितलं तर एक प्लॅन अगदी स्वस्त आणि दुसरा त्याच्या दहापट, आणि दोन्हीवर ट्रॅव्हल इन्शुरन्सच लिहिलंय. नवरा म्हणतो आपल्याच गावी जातोय, गल्लीत डॉक्टर आहेत, पैसे कशाला घालवायचे. काय करू?

उत्तर: नवऱ्याचं निम्मं बरोबर आहे. सर्दी-ताप, पोट बिघडणं, अंगणात पडून गुडघा फुटणं ह्यासाठी इन्शुरन्स लागत नाही, सांगलीतल्या डॉक्टरांची फी तुमच्या डिडक्टिबलच्या (विमा सुरू व्हायच्या आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) जवळपासही जात नाही. विमा घ्यायचा तो पोरगं डेंग्यूने ॲडमिट झालं, सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं किंवा पुण्याहून येताना हायवेवर गाडी ठोकली तर त्यासाठी. मिरज शेजारीच आहे म्हणजे हॉस्पिटलांची कमी नाही, पण प्रायव्हेटमध्ये ॲडमिट करतानाच डिपॉझिट मागतात आणि आयसीयूचं बिल रोज वाढत जातं.

आता तो दहापट फरक. महागडा जो दिसतोय त्यात तिकिटाचे पैसेही इन्शुअर होतायत, म्हणजे ट्रिप कॅन्सल झाली तर ते परत. पाच जणांची डिसेंबरची तिकिटं म्हणजे रक्कम मोठी, म्हणून प्रीमियम मोठा. स्वस्तातला आहे तो नुसता मेडिकल. तिकिटं रिफंडेबल असतील किंवा एअरलाइन तारीख बदलून देत असेल तर तो भाग विकत घ्यायचं कारण नाही. आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीच्या बऱ्याच ट्रिप प्लॅनमध्ये ट्रिप कॉस्टच्या रकान्यात शून्य टाकता येतं, मग मेडिकल आणि इव्हॅक्युएशन (आजारी माणसाला विमानाने हलवायचा खर्च) राहतं आणि किंमत धाडकन खाली येते. काही प्लॅनमध्ये आईवडिलांबरोबर मुलं फुकटात कव्हर होतात, तेही बघा.

पण खरेदीच्या आधी घरात काय आहे ते बघायचं. तुमच्या कंपनीच्या हेल्थ प्लॅनचा जो छोटा सारांश मिळतो, समरी ऑफ बेनिफिट्स, त्यात शेवटी शेवटी अमेरिकेबाहेर असताना नॉन-इमर्जन्सी उपचार मिळतात की नाही ह्याची स्वतंत्र ओळ असते. ती वाचा आणि इमर्जन्सीचं वेगळं विचारा. बरेच पीपीओ प्लॅन (नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरकडेही जाता येतं असे) परदेशातल्या इमर्जन्सीचे पैसे नंतर परत देतात, काही एचएमओसुद्धा (ठरलेल्याच डॉक्टरांकडे जायचे प्लॅन) देतात. फोनवर विचारलंत तरी उत्तर पोर्टलच्या मेसेजवर लेखी मागून घ्या, फोनवरची बाई हो म्हणाली होती हे क्लेमच्या वेळी कुणी ऐकत नाही. हे कव्हर असेल तर तुमच्या चौघांचा खर्च खूपच कमी होतो, वर एक छोटा मेडिकल प्लॅन पुरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि घरी जाणारे नेमके इथेच फसतात. बऱ्याच ट्रॅव्हल मेडिकल पॉलिसी होम कंट्रीमधे कव्हरच देत नाहीत. आणि होम कंट्री कशाला म्हणायचं हे प्रत्येक पॉलिसी आपापलं ठरवते. एकीत लिहिलेलं असतं जिथे तुमचं कायमचं घर आहे तो देश, दुसरीत असतं जिथला पासपोर्ट तो देश. पहिल्या पॉलिसीत तुम्ही पाचही जण न्यू जर्सीकर आणि सगळे कव्हर्ड. दुसऱ्या पॉलिसीत मुलं कव्हर्ड, आणि तुम्ही, नवरा, सासूबाई तिघांनाही भारतात शून्य, पैसे मात्र पाचही जणांचे भरलेले. काही ठिकाणी इन्सिडेंटल होम कंट्री कव्हर असं लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका, ते परदेशात फिरताना मधेच थोडे दिवस घरी डोकावलात तर त्यासाठी असतं, पाच आठवड्यांच्या सुट्टीसाठी नाही. पॉलिसीच्या सर्टिफिकेटची पीडीएफ उघडा, डेफिनिशन्समधे होम कंट्री शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. वर म्हटलेले अमेरिकन रहिवाशांचे ट्रिप प्लॅन सहसा राहण्याच्या पत्त्यावर चालतात, त्यामुळे एच-वन-बी आणि ग्रीन कार्डवाल्यांना ते बरे पडतात.

किती रकमेचा घ्यायचा? 50,000 डॉलर. पाच लाख, दहा लाख डॉलरचे आकडे दाखवतात ते अमेरिकेतली बिलं बघून घाबरलेल्या लोकांसाठी, 50,000 डॉलर म्हणजे 40 लाखांच्या वर होतात आणि आपल्याकडे बायपास धरून बहुतेक सगळं त्यात बसतं. तिशी-चाळिशीतल्या माणसाला अमेरिका वगळून एवढ्या कव्हरचा नुसता मेडिकल प्लॅन साधारण दिवसाला एक-दोन डॉलरला पडतो, डिडक्टिबल 250 घेतलं तर आणखी कमी. इव्हॅक्युएशनची रक्कम मात्र मोठी असू द्या, आयसीयूतल्या माणसाला विमानाने परत न्यायचा खर्च लाखभर डॉलरच्याही पुढे जाऊ शकतो.

सासूबाईंचा हिशोब वेगळा मांडायचा, त्यांना तुमच्या पॉलिसीत कोंबू नका. त्यांनी मेडिकेअर (अमेरिकेतला 65 च्या पुढच्यांचा सरकारी विमा) घेतलं असेल तर ओरिजिनल मेडिकेअर भारतात पैसे देत नाही. पण सोबत मेडिगॅपचा (मेडिकेअरच्या जोडीला घ्यायचा खासगी विमा) जी किंवा एन असा प्लॅन असेल तर त्यात परदेशातल्या इमर्जन्सीचे 80 टक्के मिळतात, ट्रिपच्या पहिल्या 60 दिवसांत, आधी 250 डॉलर आपले, आणि आयुष्यभराची मर्यादा 50,000 डॉलर. मेडिकेअर ॲडव्हांटेज (खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तर त्यातल्या बऱ्याच प्लॅनमध्ये जगभराची इमर्जन्सी असते. म्हणजे कदाचित त्यांच्यासाठी काही विकत घ्यायचीच गरज नाही, आणि लोक मात्र सगळ्यात जास्त पैसे 70 च्या पुढच्यांवरच घालवतात कारण वय वाढलं की प्रीमियम चढतो आणि मिळणारी रक्कम उतरते.

घ्यायचाच झाला तर बीपी-शुगर म्हणजे प्री-एग्झिस्टिंग, आधीपासूनचे आजार. इथे दोन प्रकार असतात. एक, ॲक्यूट ऑनसेट, म्हणजे जुन्या आजाराचं अचानक बळावणं तेवढं कव्हर, त्यालाही वयाची अट असते आणि 24 तासांत उपचार सुरू व्हायला हवेत वगैरे. दुसरा, प्री-एग्झिस्टिंगची अट माफ करणारा वेव्हर, तो पहिलं तिकीट काढल्यापासून साधारण 14 ते 21 दिवसांत पॉलिसी घेतली तरच मिळतो आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी तिकिटाची पूर्ण रक्कम इन्शुअर करावी लागते, म्हणजे शून्याची युक्ती इथे चालत नाही. त्यामुळे तुमच्या चौघांना शून्य आणि त्यांना एकटीला पूर्ण, असं वेगवेगळं घ्या. वेव्हर नसेल तर कंपनी मागचे 60 ते 180 दिवस तपासते आणि त्या काळात गोळीचा डोस बदललेला असला तरी तो आजार बाहेर. गोळ्या पाच आठवड्यांच्या आणि वर दहा दिवसांच्या, हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट.

प्रश्न: मी शारजात एसी टेक्निशियन आहे. कंपनीचं मेडिकल कार्ड आहे. एक महिना चिपळूणला येतोय, बायको-पोरं तिथेच असतात. मित्र म्हणतो कार्ड इंडियात पण चालतं. खरं का?

उत्तर: चालतं की नाही ते कार्डावर नाही, कार्डाबरोबर येणाऱ्या टेबल ऑफ बेनिफिट्सवर कळतं, एचआरकडे मागा, टेरिटोरियल लिमिट (कुठल्या देशांत चालतं ते) नावाची ओळ असते. नुसतं यूएई लिहिलं असेल तर मित्र चुकीचा. यूएई अधिक इंडियन सबकॉन्टिनेंट असेल तर मित्र बरोबर, पण नेटवर्क हॉस्पिटलं (जिथे कंपनी बिल परस्पर भरते) मुंबई-पुण्याकडे जास्त, चिपळुणात बहुतेक आधी खिशातून भरून नंतर क्लेम करावा लागेल. तेव्हा डिस्चार्ज कार्ड, आयटमवार बिल, पैसे भरल्याची पावती, रिपोर्ट आणि डॉक्टरांचा सही-शिक्का रजिस्ट्रेशन नंबरसकट, सगळं ओरिजिनल आणि हॉस्पिटलमधून निघायच्या आधीच. शारजाला परत गेल्यावर गावातल्या भावाला त्या कागदांसाठी पळवू नका, तो बिचारा दहा चकरा मारेल आणि बिलिंगवाला म्हणेल साहेब जेवायला गेलेत.

कार्ड चालत नसेल तरी तुम्हाला मी ट्रॅव्हल इन्शुरन्स सांगणार नाही. बायको-मुलं चिपळूणला आहेत, तर त्यांच्यासकट इथलाच फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एकच हेल्थ पॉलिसी) घ्या, एनआरआय माणसाला भारतात हेल्थ पॉलिसी घेता येते. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेलाय. सुरुवातीचे 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही त्यामुळे विमानात बसायच्या महिनाभर आधी घ्या, आणि जुने आजार असतील तर ते लपवू नका, जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, मग तेही कव्हर. तुम्ही वर्षातले अकरा महिने बाहेर असलात तरी घरच्यांना तो बाराही महिने उपयोगी.

मुंबई-गोवा हायवेवरून येणार म्हणून एक सांगते. रस्त्यावर गाडीचा अपघात झाला तर 2025 च्या केंद्राच्या योजनेत ठरलेल्या हॉस्पिटलांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, इन्शुरन्स असो नसो. ॲम्ब्युलन्सला 108, पोलिसांना 112. आणि नोकरीसाठी बाहेर जाताना एमिग्रेशन क्लिअरन्सच्या वेळी जी प्रवासी भारतीय बीमा योजना काढली असेल, 275 किंवा 375 रुपयेवाली, ती मुळात परदेशी नोकरीवरच्या अपघाती मृत्यूची आणि अपंगत्वाची, 10 लाखांची, तिच्या भरवशावर सुट्टीला येऊ नका.

प्रश्न: म्युनिकमध्ये मास्टर्स करतोय, सरकारी इन्शुरन्स आहे. सहा आठवडे नाशिकला येतोय. बजेट जवळपास शून्य.

उत्तर: सरकारी विमा भारतात चालत नाही. पण जर्मनीत परदेश प्रवासाचा वेगळा हेल्थ इन्शुरन्स वर्षाला दहा-वीस युरोत मिळतो, ह्याहून स्वस्त मला माहीत नाही. दोन गोष्टी बघ. एका ट्रिपला किती दिवस चालतो, कुठे 42 असतात कुठे 56, तुझे सहा आठवडे म्हणजे बरोबर 42, एक दिवस इकडेतिकडे झाला की संपलं, त्यामुळे 56 वाला घे. आणि ज्या देशाचं नागरिकत्व आहे तो देश परदेशात धरत नाही असं कलम काही पॉलिसींत असतं, ते असेल तर ती पॉलिसी तुझ्या उपयोगाची नाही, पुढची बघ.

प्रश्न: आम्ही लंडनला असतो. बहीण पुण्यातून ऑनलाइन इंडियन कंपनीची ट्रॅव्हल पॉलिसी काढून देते म्हणतेय, इथल्यापेक्षा बरीच स्वस्त. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. त्या पॉलिसी भारतातून बाहेर जाणाऱ्यांसाठी असतात, प्रवास भारतातून सुरू व्हायला लागतो आणि कव्हर भारताबाहेर. तुम्ही उलट्या दिशेने येताय. प्रीमियम ऑनलाइन कापला जाईल, कुणी अडवणार नाही, अडवतील ते क्लेमच्या वेळी.

तिकडच्याच पॉलिसीत पैसे वाचवा. तुम्ही यूकेचे रहिवासी आणि जीपीकडे (तिकडचा फॅमिली डॉक्टर) रजिस्टर्ड असाल तर पासपोर्ट भारतीय असला तरी बहुतेक ठिकाणी भारताची ट्रिप सरळ कव्हर होते. फॉर्ममध्ये नुसतं वर्ल्डवाइड निवडू नका, अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियन वगळून वर्ल्डवाइड असा पर्याय असतो तो निवडा, किंमत लगेच उतरते. वर्षाची मल्टि-ट्रिप स्वस्त दिसली तरी तिच्यात एका ट्रिपला सहसा 31 दिवसांची मर्यादा असते, त्याहून जास्त राहणार असाल तर सिंगल ट्रिप घ्या. जीएचआयसी कार्ड (युरोपातल्या उपचारांसाठीचं यूकेचं कार्ड) भारतात चालत नाही, ते घरीच ठेवा. ऑनलाइन मेडिकल स्क्रीनिंगला (आजारांची प्रश्नावली) थायरॉइडची गोळीसुद्धा सांगा, मोठा आजार असल्यामुळे कंपन्या नकार देत असतील तर मनीहेल्पर ह्या तिकडच्या सरकारी सल्लासेवेच्या डिरेक्टरीत अशा लोकांना घेणाऱ्या कंपन्या आहेत.

आणि दुचाकीचं कलम वाचा. गावी गेलं की बाबांची ॲक्टिव्हा काढून भाजीला जायचं हे आपल्याला प्रवासात मोडतं असं वाटतच नाही, पण हेल्मेट नाही, त्या गाडीला चालणारं लायसन्स नाही, किंवा 125 सीसीच्या वरची गाडी आहे, ह्यातलं एक जरी असलं तरी बऱ्याच पॉलिसी पाय मोडल्याचे पैसे देत नाहीत. भारतीय लायसन्स संपलं असेल तर यूकेतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणा, पण तुमच्या तिकडच्या लायसन्सवर दुचाकी आहे का तेही बघा, नसेल तर परमिटवरही येत नाही, मग रिक्षाने जा.