मे महिन्यात शनिवार-रविवार साताऱ्यात मुक्काम आहे, सोबत दोन मुलं आणि सत्तरीतले आई-वडील. कास, ठोसेघर, महाबळेश्वर दोन दिवसांत होईल का?

होईल, पण गाडीच्या काचेतून. शिवाय या तिन्हींपैकी एकही ठिकाण मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी तिथं जाण्यासारखं नसतं.

कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतची. मेमध्ये पठारावर काळाकरडा जांभा आणि वाळलेलं गवत, बाकी काही नाही. ठोसेघरचा धबधबा पावसाचा. उन्हाळ्यात कड्यावर ओल्या रेघा दिसल्या तरी नशीब म्हणायचं. महाबळेश्वर थंड असतं, पण अख्खा महाराष्ट्र त्याच दोन दिवसांत तिथं जातो. पसरणीचा घाट, पाचगणी आणि वेण्णा तलावाचा रस्ता या तिन्ही ठिकाणी गाड्या खोळंबतात आणि मागच्या सीटवरची मुलं कंटाळून रडतात. जायचंच असेल तर मधला वार धरा आणि साताऱ्याहून मेढा-केळघर मार्गे चढा. वळणं जास्त आहेत, गर्दी कमी.

सातारा उन्हाळ्यात बघायचा तर उन्हाचं वेळापत्रक मान्य करायचं. सकाळी साडेनऊपर्यंत बाहेर, दुपारी छपराखाली, साडेचारनंतर पुन्हा बाहेर. पारा चाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा बारा वाजता वृद्धांना किल्ल्यावर नेणं म्हणजे छळ आहे. दुसरी गोष्ट वळवाची. सकाळपासून घामाने अंग चिकट झालं आणि पश्चिमेला ढग उभे राहायला लागले की तीन-चारनंतर वीज, वारा, कधी गारा. हे दोन्ही धरून पुढचं सांगतो. तुम्ही पुण्याहून स्वतःच्या गाडीने येणार असं गृहीत धरलं आहे.

शनिवारी पुणं सहालाच सोडा. सुट्टीच्या दिवशी आठनंतर निघालात तर खेड-शिवापूरचा टोलनाका आणि खंबाटकीचा घाट मिळून तासभर सहज खातात. घाटात एसी लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढलेल्या गाड्या गरम होऊन कडेला उभ्या दिसतात. काटा वर जाताना दिसला तर एसी बंद करा. तरी उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन निवू द्या, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

शहरात शिरण्याआधी लिंब फाट्यावरून दोन-तीन किलोमीटर आत वळा, शेरी लिंबची बारा मोटांची विहीर बघायला. साताऱ्याच्या अलीकडे महामार्गालगत असूनही निम्मे पर्यटक ती ओलांडून पुढे जातात, आणि माझ्या मते या दोन दिवसांतली सगळ्यात भारी गोष्ट हीच. वीरूबाई भोसले यांनी ती 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली. व्यास सुमारे 50 फूट, खोली सुमारे 110 फूट. वरून पाहिलं तर मुख्य विहीर अष्टकोनी आणि तिला जोडून दुसरी चौकोनी, म्हणजे एकूण आकार शिवलिंगासारखा. दोन्हींच्या मध्ये दगडी महाल आहे. पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेलं की बाहेरच्या आणि आतल्या हवेतला फरक लगेच जाणवतो. भिंतींवर कोरलेले शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) आणि वाघ मुलांना मोजायला लावा. मग वर येऊन मोटांच्या जागा दाखवा: बैल कुठून ओढत असतील, पाणी कुठे ओतलं जात असेल, पाट कुठल्या बाजूला निघत असतील. इथलं पाणी आंबराईसाठी होतं. हे समजलं की विहीर नुसती शोभेची वास्तू राहत नाही. एक सांभाळा: वरच्या काठाला सगळीकडे कठडा नाही. लहान मुलाचा हात सोडायचा नाही, आणि पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. आजोबांना महालापर्यंतच न्या, खाली नको.

अकराच्या आत मुक्कामी पोचा. मे म्हणजे लग्नसराई. मुहूर्त असलेल्या शनिवार-रविवारी शहरातले लॉज वऱ्हाडाने भरतात, तेव्हा खोली आधी ठरवा. ठरवताना तीन प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा, आणि शेजारी मंगल कार्यालय आहे का. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मग रात्री बारापर्यंत बँड ऐकतात.

गाडी लॉजवरच ठेवा. पोवई नाक्यावरच्या भुयारी मार्गात चुकीच्या तोंडातून शिरलात की भलत्याच रस्त्याला बाहेर निघता. मोती चौक-राजवाडा भागात तर गाडी लावायला जागाच नसते. शहरात रिक्षा बरी.

दुपारी बसस्थानकाजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय करा. सोमवारी सुट्टी असते, तुमचा शनिवार आहे, तेव्हा अडचण नाही. वाघनखं बघायला म्हणून जाऊ नका. लंडनहून आलेली ती वाघनखं जुलै 2024 पासून काही महिने इथे होती, नंतर पुढच्या शहरात गेली. शस्त्रं शांतपणे बघायला दीड तास पुरतो. मग जेवून झोपा. साताऱ्यात दुपारी झोपलात म्हणून कुणी नावं ठेवणार नाही.

संध्याकाळी सज्जनगड की कास रस्ता? ज्येष्ठ सोबत आहेत आणि वळवाचे दिवस आहेत, म्हणून मी सज्जनगड म्हणेन. पठारावर वीज कडाडायला लागली तर आडोसा नाही. गडावर मठ आहे, धर्मशाळा आहेत. अंतर सुमारे 15 किलोमीटर. परळीवरून गाडी बरीच वर जाते, तिथून शे-दोनशे पायऱ्या उरतात. त्या चढायला गुडघेदुखीवाल्यांना अर्धा तास द्या, दर वळणावर कठड्याशी बसत. समर्थांची समाधी 1682 ची. राममंदिराच्या खाली तळघरात ती आहे, जिना अरुंद, उतरताना आईंच्या पुढे एकाने राहावं. मंदिराच्या आवारात अनवाणी चालायचं असतं आणि दिवसभर तापलेली फरशी पाचपर्यंत चटके देते. जुने सुती मोजे सोबत ठेवा, फार उपयोगी पडतात. तिथून गडाच्या टोकाला धाब्याच्या मारुतीकडे चालत जा, वारा तिथेच मिळतो. रात्री गडाचे दरवाजे बंद होतात, म्हणून आरती बघून उतरायचं तर परतीची वेळ आधी विचारून ठेवा. माकडं आहेत, मुलांच्या हातात चिप्सची पिशवी देऊ नका.

ढग अजिबात नसतील आणि मुलांचा हट्ट असेल तर यवतेश्वर घाटाने कास तलावापर्यंत जा, साधारण 25 किलोमीटर, पाऊण तास ते तास. पठार उघडं असलं तरी तलावाला पाणी असतं, आणि वाटेत बायका द्रोणात करवंदं-जांभळं विकायला बसतात. हाच या दिवसांतला खरा मेवा. तलावाचं पाणी सातारा शहराला पिण्यासाठी जातं, त्यात पोहू नका, प्लास्टिक टाकू नका. उतरताना घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. नुसता ब्रेक दाबत आलात तर खाली येईपर्यंत जळका वास येतो आणि ब्रेक ढिले लागतात. वाटेत वीज कडकडली तर झाडाखाली किंवा छत्री घेऊन उभं राहू नका, गाडीत काचा लावून बसा.

पुढे बामणोलीला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, बोट मिळते. मेमध्ये पाणी खूप मागे सरकलेलं असतं आणि गाडीतळापासून भेगाळलेल्या गाळावरून खाली चालावं लागतं. आजी-आजोबांसाठी सोडून द्या. जलाशयापलीकडचा वासोटा किल्ला तर या महिन्यात मनातही आणू नका.

रविवारी पहाटे अजिंक्यतारा. सहाला वर असायला हवं, सूर्योदय तेव्हाच होतो. गाडीरस्ता पहिल्या दरवाज्याजवळ जातो, त्यामुळे आई-वडिलांनाही नेता येईल. तुम्ही आणि मुलं चालत जाणार असाल तर शहरातून पाऊण ते एक तास धरा. वर खात्रीचं पाणी किंवा टपरी नाही, माणशी एक लिटर घ्या. दरवाज्यातून आत गेल्यावर मारुती, महादेव, ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष, मग मंगळाईचं देऊळ. तटावरून पूर्ण फेरी दीड तासाची. शिलाहार दुसऱ्या भोजाचा हा किल्ला 1673 मध्ये शिवाजी महाराजांकडे आला. 1700 च्या एप्रिलमध्ये औरंगजेबाने घेतला आणि त्याचं अजमतारा केलं. त्या वेढ्यात मोगलांनी मंगळाईचा बुरूज सुरुंगाने उडवला आणि दुसऱ्या सुरुंगाचा ढिगारा त्यांच्याच सैन्यावर कोसळला. बुरुजावर उभं राहून मुलांना ही गोष्ट सांगा, वर्गातल्यापेक्षा जास्त लक्षात राहते. शाहू महाराजांचा राज्याभिषेक जानेवारी 1708 मध्ये साताऱ्यातच झाला. तटावरून यवतेश्वर, पेढ्याचा भैरोबा, जरंडेश्वर आणि सज्जनगड ओळखता येतात. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळं असतात. त्या बाजूला धूर, फटाके, भडक अत्तर नको. आठला उतरायला लागा, नंतर तटाचा दगड तापतो. उतरताना ‘चार भिंती’ या स्मारकापाशी दहा मिनिटं थांबा, सगळं शहर समोर दिसतं.

नाश्त्यानंतर खोली सोडा आणि दुपारसाठी औंध धरा, कोरेगाव-रहिमतपूरमार्गे सव्वा तास. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प आहे. एवढ्या लहान गावात एवढा ऐवज दुसरीकडे सापडणं कठीण. सोमवारी बंद, तुमच्या रविवारी सरकारी सुट्टी येत असेल तर आधी खात्री करा. यमाईचं मूळपीठ डोंगरावर आहे, गाडी वर जाते. चित्रांत कुणालाच रस नसेल तर औंध गाळा आणि उन्हं कलेपर्यंत खोलीतच राहून चारनंतर संगम माहुलीला जा. कृष्णा-वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं दगडी मंदिर आणि घाट. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. पाणी उथळ दिसलं तरी नदीत डोह आहेत, मुलांना घाटाच्या पायऱ्यांवरच ठेवा.

कंदी पेढे अगदी निघताना घ्या, मोती चौकाच्या परिसरात. खवा खूप वेळ भाजलेला असल्याने त्यात पाणी कमी असतं, म्हणून हा पेढा साध्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो. रंग तपकिरी, तोडल्यावर रवाळ आणि कोरडा हवा. पांढुरका, बोटाला चिकटणारा नको. ताजा गरम पेढा हवाबंद डब्यात भरला तर घाम सुटून दोन दिवसांत बुरशी येते, तेव्हा कागदी खोक्यात घ्या. डॅशबोर्डवर किंवा डिकीत नको, पायाशी सावलीत ठेवा.

एसटीने आलात तर बायकांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्यांना अर्धं, 75 पूर्ण झालेल्यांना मोफत. आधार कार्ड जवळ असू द्या. कास-बामणोलीच्या गाड्या मोजक्या असतात, जाण्याआधी स्थानकातल्या चौकशी खिडकीवर परतीची शेवटची गाडी विचारा. रेल्वे स्टेशन माहुलीकडे, गावाबाहेर आहे; रिक्षासाठी अर्धा तास हाताशी ठेवा.

स्वतःच्या गाडीने परतताना रविवारी पाच ते आठ या वेळात महामार्गावर शिरू नका. महाबळेश्वरची सगळी गर्दी सुरूरला महामार्गावर उतरते. एक तर साडेतीनला निघा, नाहीतर राजवाड्याजवळ भेळ-पाणीपुरी खाऊन नऊला.