लेहला मोटारसायकलने जाताना मनालीमार्गे जावे की श्रीनगरमार्गे?

जाताना श्रीनगर-कारगिलमार्गे चढावे आणि परतताना मनालीमार्गे उतरावे, कारण या क्रमाने उंची टप्प्याटप्प्याने वाढते आणि विरळ हवेची सवय होण्यास शरीराला अवधी मिळतो. श्रीनगर सुमारे 1,600 मीटरवर आहे, झोजीला खिंड ओलांडल्यावरचा कारगिलचा मुक्काम 2,700 मीटरच्या आसपास, तर लेह 3,500 मीटरवर. उलट मनालीकडून निघाल्यास पुष्कळांना दुसरीच रात्र सरचूच्या तंबूत, सुमारे 4,300 मीटरवर काढावी लागते आणि डोकेदुखी, मळमळ बहुधा तिथेच गाठते. परतीच्या वाटेवर लेहजवळच्या कारू गावातील पेट्रोल पंपावर टाकी पूर्ण भरून घ्यावी. मात्र मे महिन्यात बारालाचा खिंडीतील बर्फामुळे मनालीचा रस्ता बंद असू शकतो. तेव्हा सीमा रस्ते संघटनेने तो खुला केल्याची खात्री करूनच लेह सोडावे, अन्यथा आल्या वाटेने परतावे.