नव्या मराठी शिक्षकांसाठी

मुलाने वहीत नवाच शब्द लिहिला तर लगेच लाल रेघ मारू नका. तो कसा सुचला, ते आधी त्यालाच विचारा. झोपाळू, विसराळू ऐकून कुणी ‘रडाळू’ लिहिलं, तर प्रत्यय त्याला नेमका कळलाय!

इटलीत तिसरीतल्या एका मुलाने फुलाला ‘पेतालोसो’, म्हणजे भरपूर पाकळ्यांचं, म्हटलं. बाईंनी चूक दाखवली, पण सुंदर चूक म्हणून, आणि शब्द फ्लॉरेन्सच्या भाषा अकादमीकडे पाठवला. २०१६ मध्ये उत्तर आलं: घडण बरोबर आहे, पण कोशात यायला तो पुष्कळांच्या तोंडी रुळायला हवा. हे वर्गात जरूर सांगा. सावरकरांचा ‘महापौर’ रुळला. ‘दूरध्वनी’ कागदावर राहिला, बोलताना आपण फोनच म्हणतो. परीक्षेत मात्र ‘रडका’ लिही, हेही त्याला प्रेमाने सांगा.