यारोसचा इतिहास वाचायला घेताय? आधी एवढं करा

पहिलं म्हणजे यारोस आणि माक्रोनिसोस यांची गल्लत करू नका. दोन्ही ग्रीक बेटं, दोन्हीकडे १९४७ पासून राजकीय कैदी. पण माक्रोनिसोस मुख्य भूमीवरच्या लाव्रिओ बंदराच्या समोरच आहे आणि तिथे मुख्यतः डाव्या विचारांच्या सैनिकांना ‘सुधारायला’ नेत. यारोस सायक्लेड्स या बेटसमूहात, सायरोस बेटाच्या वायव्येला.

सुरुवात रोमन काळापासून करा. तत्त्वज्ञ मुसोनियस रुफसला सम्राट नीरोने यारोसवरच हद्दपार केलं होतं. त्याआधी इ.स. २२ मध्ये सिलानस नावाच्या अधिकाऱ्याला इथे धाडायचं ठरलं, तेव्हा बेट फारच भकास म्हणून सम्राट टायबेरियसने त्याला किथनोस बेटावर पाठवलं. टायबेरियसलाही दया यावी, म्हणजे बघा!

मग थेट ग्रीसच्या यादवी युद्धावर (१९४६–४९) या. लाल विटांचा तो अवाढव्य तुरुंग कैद्यांकडूनच बांधून घेतला. कम्युनिझम नाकारल्याचं पत्र सही करून द्या, ही कैद्यांकडे केलेली मागणी नीट समजून घ्या. तिच्याशिवाय तिथे झालेल्या छळाचा अर्थच लागत नाही. १९६७ च्या लष्करी बंडानंतर बेट पुन्हा कैद्यांनी भरलं. हुकूमशाही १९७४ मध्ये कोसळली. पुढे नौदलाने तिथे तोफांचा सराव केला.

आणि हो, आठवणी वाचताना कोणत्या काळातला कैदी बोलतोय, हे आधी तपासा.