लग्नाच्या एडिटिंगसाठी पीसी घेताय? आधी कॅमेऱ्याची फाइल बघा

तुम्ही विचारलंय की लग्नाचं शूटिंग एडिट करायला पीसी असेंबल करायचाय, दुकानदार मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा आग्रह धरतोय, ते घ्यावं का आणि सॉफ्टवेअर कोणतं वापरावं. मी लग्नांचंच काम करतो. कार्डाचं नंतर बघू, आधी तुमचा कॅमेरा कसली फाइल देतो ते तपासा.

8 बिट 4:2:0 एच.264 (एच.264 म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाइलमध्ये साठवायची पद्धत, 4:2:0 म्हणजे रंगाची माहिती कमी ठेवलेली) असेल तर अलीकडचा कुठलाही बरा पीसी चालेल. डोकेदुखी असते ती 10 बिट 4:2:2 ची, म्हणजे रंगाची माहिती जास्त ठेवणाऱ्या फाइलची. 8 बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, 10 बिटमध्ये 1024. हळदीच्या पिवळ्यावर रंगकाम करताना हा फरक चांगलाच दिसतो, म्हणून आम्ही तेच शूट करतो. पण एनव्हिडियाच्या कार्डांत 4:2:2 वाचायची सोय आली ती आरटीएक्स 50 मालिकेपासून. त्याआधीचं कार्ड कितीही महागाचं घ्या, या कामात ते मदतीला येत नाही. इंटेलच्या 11व्या पिढीपासून मात्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाच एच.265 चं (एच.264 नंतरची पद्धत) 4:2:2 वाचता येतं.

माझ्या पहिल्या पीसीत दुकानदाराने नावापुढे ‘एफ’ असलेला इंटेलचा आय5 प्रोसेसर बसवला. “कार्ड वेगळं आहेच, जास्तीचे पैसे कशाला?” एफ म्हणजे आतलं ग्राफिक्सच नाही, हे मला माहीत नव्हतं. मंगलाष्टकांची टाइमलाइन प्ले केली की भटजींचा आवाज पुढे निघून जायचा आणि अंतरपाट पडद्यावर तिथेच अडकलेला. तेव्हा बिलावरचं ते एक अक्षर नीट वाचा.

फाइल 10 बिट 4:2:2 एच.264 असेल तर हा इंटेलचा आधारही बहुतेक वेळा मिळत नाही. तिथे सरळ प्रॉक्सी बनवा, म्हणजे कमी रिझोल्यूशनच्या हलक्या प्रती. रात्री लावून झोपायचं, सकाळी त्यांच्यावर कापाकापी, आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून. जुन्या पीसीवरही हे जमतं, त्यामुळे नवीन मशीनवर खर्च करण्याआधी एकदा करून बघाच.

रॅम 32 जीबी घ्या, 16 वर काम अडखळतं. 100 एमबीपीएसचं (सेकंदाला 100 मेगाबिट) फुटेज तासाला 45 जीबी खातं; दोन कॅमेरे, सहा तास म्हटलं की 540 जीबी. चालू काम एनव्हीएमई एसएसडीवर (वेगवान डिस्क), झालेलं हार्ड डिस्कवर, आणि तेही दोन ठिकाणी. लोकांचं लग्न पुन्हा लागत नाही. यूपीएस हवाच.

सॉफ्टवेअरमध्ये मी दाविंची रिझॉल्व्ह सुचवेन. फुकट आवृत्तीतूनही 4के एक्स्पोर्ट होतं. विंडोजवर 10 बिट 4:2:2 साठी मात्र स्टुडिओ आवृत्ती लागते, पण तिचे पैसे एकदाच भरायचे. दुसरं सॉफ्टवेअर प्रीमियर प्रो, त्याचं भाडं चालूच राहतं. काहीही ठरवण्याआधी स्वतःची एक क्लिप घालून बघा, आणि ‘मुक्ता’सारख्या युनिकोड फॉन्टमध्ये ‘लक्ष्मी’, ‘श्रद्धा’, ‘कुऱ्हाडे’ टाइप करून बघा. प्रीमियरमध्ये जोडाक्षरं फुटली तर प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवर ठेवा. नवरीचं नाव तुटक दिसलं तर घरच्यांना खरंच वाईट वाटतं.

कॅमेऱ्याचं मॉडेल आणि त्यातली फाइल सेटिंग खाली लिहा, म्हणजे प्रोसेसर नेमका कोणता ते सांगतो.